डीवॉल्ट डीडब्ल्यू ७३५ थिकनेस प्लेनर: मशीन दमदार आहे, पण सेटिंगला वेळ द्या

सरळ मुद्द्यावर येतो. छोट्या वर्कशॉपमध्ये टेबलावर ठेवून चालवायचे जे थिकनेस प्लेनर (फळी रंधून हव्या त्या जाडीची करणारी मशीन) मिळतात त्यात डीवॉल्टचं डीडब्ल्यू ७३५ माझ्या मते सगळ्यात भरवशाचं आहे. मी ते नियमित वापरतो आणि त्यातून निघालेल्या फळीवर हात फिरवला की खरंच समाधान वाटतं. तरीपण टेबलटॉप प्लेनर घेऊन वैतागलेले लोक बरेच दिसतात, टोकाला खड्डा पडतो, फळी वाकडीच बाहेर येते, रेषे उपटतात, भुसा खोलीभर होतो वगैरे. आणि यातल्या बहुतेक तक्रारींचं उत्तर मशीनच्या आत नसतंच, ते कशावर ठेवलंय, पुढची-मागची टेबलं कशी लावलीत, फळी आत घालायच्या आधी तिचं काय केलंय आणि एका फेरीत किती काढायला बघताय यात असतं. म्हणून या रिव्ह्यूत मशीनबद्दल लिहिणार आहेच पण सेटिंग आणि वापराबद्दल जास्त लिहिणार आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण निम्मी निराशा इथूनच सुरू होते. थिकनेस प्लेनर फळी सरळ करत नाही, तो फक्त वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करतो. खालची बाजू टेबलावर टेकते, रोलर फळीला खाली दाबतात आणि वरून पाती लाकूड काढतात. फळीला पीळ असेल किंवा बाक असेल तर रोलर तिला तेवढ्यापुरतं दाबून सपाट करतात, वरचं लाकूड निघतं आणि बाहेर आली की फळी पुन्हा आपल्या मूळ पिळात जाते, फक्त आता दोन्ही बाजूंनी गुळगुळीत झालेली असते. त्यामुळे एक बाजू आधी सपाट झालेली पाहिजे, मग ती जॉइंटरवर (फळीची बाजू सपाट करायचं वेगळं मशीन) करा नाहीतर हातरंध्याने करा. जॉइंटर नसेल तर स्लेड बनवा, म्हणजे जाड एमडीएफ किंवा प्लायची सपाट पाटी, पुढच्या टोकाला एक आडवी पट्टी म्हणजे फळी पाटीवरून पुढे सरकणार नाही, त्यावर फळी ठेवायची, जिथे जिथे ती अधांतरी आहे तिथे पातळ पाचरी सरकवायच्या आणि हॉट ग्लूने पकडायच्या, म्हणजे रोलरने दाबली तरी ती दबत नाही. वरची बाजू सपाट झाली की पाचरी काढायच्या, फळी उलटायची आणि मग नेहमीसारखी घालायची. जॉइंटरपेक्षा वेळ जास्त जातो पण रुंद फळ्यांना हीच पद्धत बरी पडते, कारण छोटे जॉइंटर बहुतेक ६ किंवा ८ इंचीच असतात.

आता मशीन. रुंदी १३ इंच, उंची ६ इंचापर्यंत, वजन साधारण ४२ किलो. मोटर १५ अँपियरची, हा आकडा १२० व्होल्टच्या मॉडेलचा आहे, त्यामुळे घेताना आपल्या विजेला जुळणारं मॉडेल आहे ना ते आधी बघा. कटरहेडमध्ये, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या भागात, तीन पाती, फिरण्याचा वेग मिनिटाला १०,००० फेरे, आणि फळी ओढण्याचे दोन स्पीड. कंपनी लिहिते एका स्पीडला इंचाला ९६ कट आणि दुसऱ्याला १७९ कट. हे आकडे जाहिरातीसाठी फुगवलेले नाहीत, हिशोब करून बघता येतो. तीन पाती गुणिले दहा हजार म्हणजे मिनिटाला तीस हजार कट, फळी मिनिटाला २६ फूट म्हणजे ३१२ इंच पुढे जाते, भागाकार केला की ९६ येतो. स्लो स्पीडला १४ फूट म्हणजे १६८ इंच, तिथे १७९ येतो. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर फास्ट स्पीडला दोन कटांमधलं अंतर पाव मिलिमीटरच्या किंचित वर, आणि स्लोला ०.१४ मिलिमीटर. हे अंतर जेवढं कमी तेवढ्या पात्यांच्या लाटा बारीक आणि नंतर सँडिंग कमी. तुलनेला मकिताचं २०१२एनबी घ्या, तेही चांगलं नाव असलेलं मशीन आहे, १२ इंची, वजन सुमारे २८ किलो म्हणजे उचलायला खूपच सोपं, पण दोन पाती, ८,५०० फेरे आणि मिनिटाला साडेआठ मीटर फीड म्हणजे मिलिमीटरला दोन कट, अर्ध्या मिलिमीटरवर एक. ज्याला मशीन रोज कपाटातून काढून परत ठेवायचंय त्याने मकिता घ्यावं असं मी मनापासून सांगेन, एका जागी ठेवणार असाल आणि फिनिश महत्त्वाची असेल तर डीवॉल्ट.

एकदाच नीट सेट केलं की पुढे फार बघावं लागत नाही, म्हणून पहिली संध्याकाळ लाकूड न घालता सेटिंगलाच द्या. पहिलं म्हणजे स्टँड. हलणाऱ्या टेबलावर ठेवलं तर कितीही चांगलं मशीन असो, लांब फळी शिरताना सगळं डुगडुगतं आणि ते फळीवर उमटतं. बोल्टने घट्ट बसवा, आणि उंची अशी ठेवा की फळी घालताना वाकावं लागणार नाही. मशीनच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे तुमच्या सगळ्यात लांब फळीएवढी जागा लागते हे जागा ठरवतानाच मोजून घ्या, नंतर भिंत हलवता येत नाही. वायरचं पण तेच, लांब आणि बारीक एक्स्टेन्शनवर हे मशीन चालवू नका, व्होल्टेज पडतं, मोटर गरम होते आणि जोर कमी पडतो. शक्य असेल तर सरळ भिंतीच्या सॉकेटवर, आणि त्याच लाइनवर व्हॅक्यूम लावू नका.

मग टेबलं. डीडब्ल्यू ७३५ ची पुढची-मागची एक्स्टेन्शन टेबलं वेगळी घ्यावी लागतात, काही पॅकमध्ये सोबत येतात, पण माझं मत स्पष्ट आहे की ती घ्याच. टोकाला जो खड्डा पडतो, ज्याला स्नाइप म्हणतात, तो का पडतो ते समजलं की टेबलांचं महत्त्व कळतं. कटरहेडच्या एका बाजूला आत ओढणारा रोलर आणि दुसऱ्या बाजूला बाहेर ढकलणारा रोलर असतो. फळी शिरताना तिला एकच रोलर धरून असतो आणि बाहेर पडतानाही शेवटचे दोन-तीन इंच एकाच रोलरच्या भरवशावर असतात. त्या वेळी फळीचं दुसरं टोक स्वतःच्या वजनाने खाली लटकलं की पात्याखालचं टोक वर उचललं जातं आणि तिथे जास्त लाकूड निघतं, बस, एवढंच आहे ते. ७३५ ला चार खांबांवर हेड आहे आणि कॅरेज, म्हणजे हेड धरून वरखाली होणारा भाग, आपोआप लॉक होतं, त्यामुळे हेड हलून होणारा स्नाइप कमी होतो, पण फळी लटकून होणारा कोणतीच कंपनी थांबवू शकत नाही, तो तुम्हालाच थांबवायचाय.

त्यासाठी एक लांब सरळ पट्टी घ्या, लेव्हल असेल तर लेव्हल, पण तिची कड सरळ आहे याची खात्री करून घ्या. ती मधल्या बेडवर, म्हणजे पात्यांखालच्या मशीनच्या टेबलावर, ठेवून दोन्ही टेबलांवर जाऊ द्या. टेबलाची आतली कड बेडला बरोबर मिळवायची आणि बाहेरची टोकं पट्टीपेक्षा किंचित वर ठेवायची, अर्धा ते एक मिलिमीटर पुरतं. मग फळी जाताना बेडवर जरा दाबून राहते. याच्यापेक्षा जास्त उचललं तर लांब फळी मध्ये कमानीसारखी होते आणि जाडी बिघडते, त्यामुळे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असेल तर मोजूनच करा. याशिवाय फळी शिरताना मागचं टोक हाताने हलकं वर धरायचं आणि बाहेर येताना पुढून तसंच धरायचं, लांब फळीला रोलर स्टँड लावायचा. फळ्या एकामागोमाग एक टोकाला टोक चिकटवून घातल्या तर रोलरला सलग लाकूड मिळतं, मग स्नाइप पहिल्या फळीच्या सुरुवातीला आणि शेवटच्या फळीच्या टोकालाच पडायचा संभव राहतो, तिथे वाया गेलेले तुकडे लावायचे. आणि तरीही अगदी महत्त्वाचं काम असेल तर फळी दोन्हीकडून तीन इंच जास्त ठेवा आणि नंतर कापून टाका, यात कमीपणा वाटून घेऊ नका, मोठ्या मशीनवरसुद्धा असंच करतात.

बेडवर पेस्ट वॅक्सचा पातळ थर देऊन पुसून घ्या, फळी इतकी सहज सरकते की फरक लगेच कळतो. फक्त सिलिकॉनवालं काही वापरू नका, ते लाकडाला लागलं की पॉलिश धरत नाही, मासळीच्या डोळ्यासारखे गोल डाग पडतात. वॅक्स रोलरला लागू देऊ नका, नाहीतर ते घसरतील.

शेवटची तपासणी म्हणजे हेड बेडला समांतर आहे का. एकाच फळीतून कापलेल्या सारख्या रुंदीच्या दोन पट्ट्या घ्या, एक डाव्या कडेने आणि एक उजव्या कडेने, हेड न हलवता दोन्ही घाला आणि कॅलिपरने (जाडी नेमकी मोजायचं साधन) मोजा. जाडी सारखी आली तर चांगलंच, नाहीतर मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे सेटिंग करा, अंदाजाने नट फिरवत बसू नका. त्याच तुकड्यावर जाडीच्या स्केलचा काटाही जुळवून घ्या. मशीनच्या स्केलवर मी शेवटच्या मापासाठी कधीच विसंबत नाही, शेवटचं माप कॅलिपरचंच. हेड कधी खाली जास्त गेलं आणि परत वर घ्यायचं असेल तर मापाच्या बरंच वर न्या आणि पुन्हा खाली येत मापावर थांबा, स्क्रूमधली ढिलाई त्यानेच निघते.

समोर एक छोटा गेज आहे, फळी त्याखाली टेकवून हेड खाली आणलं की या फेरीत किती लाकूड निघणार ते दाखवतो. हे मला फार आवडलेलं फीचर आहे, कारण ओबडधोबड फळीत सगळ्यात उंच भाग कुठे आहे ते डोळ्यांना कळत नाही. बाजूला टरेट स्टॉप म्हणजे फिरवून ठरावीक जाडीवर लावायचा अटकाव आहे, अर्धा इंच, पाऊण इंच, एक इंच अशा नेहमीच्या जाड्यांसाठी, म्हणजे आठवड्यानंतर पुन्हा तीच जाडी हवी असेल तर हेड तिथेच येऊन थांबतं.

आता चालवायचं. मशीन एका फेरीत ३ मिलिमीटरपर्यंत काढू शकतं असं लिहिलेलं असतं, ते अरुंद आणि मऊ लाकडासाठी धरा. मी साधारण एक-दीड मिलिमीटरवर असतो, रुंद सागवान किंवा शिसम असेल तर त्याच्या निम्मं, आणि शेवटच्या दोन फेऱ्या जेमतेम अर्धा मिलिमीटर. घाई करून जास्त काढलं की मोटरचा आवाज बसतो, रेषे उपटतात आणि स्नाइपही वाढतो, म्हणजे वाचवलेला वेळ सँडिंगमध्ये दुप्पट जातो. फळीवर पेन्सिलने नागमोडी रेघ मारून घालायची, रेघ जिथे राहिली तिथे पातं अजून पोचलेलं नाही. आणि एका कामाच्या सगळ्या फळ्या एकाच सेटिंगवर लागोपाठ घाला, मग हेड खाली करा, मग पुन्हा सगळ्या. एक फळी पूर्ण करून मग दुसरी, असं केलं तर शेवटी जाडीत केसाएवढा फरक राहतो आणि जोडताना नखाला तो लागतो. त्याच लाकडाचा एक जादा तुकडाही सोबत चालवा, नंतर सांधे ट्राय करायला लागतोच.

दोन्ही बाजूंनी सारखंच लाकूड काढा. लाकडात आत आणि बाहेर ओलावा सारखा नसतो, एकाच बाजूने खूप काढलं की आतला ओला भाग उघडा पडतो आणि रात्रीतून फळी वाटीसारखी वळते. जास्त जाडी काढायची असेल तर मापापेक्षा तीन-चार मिलिमीटर जाड ठेवून थांबा, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून हवा लागेल अशा रचून ठेवा, काही दिवसांनी पुन्हा एक बाजू सपाट करून शेवटच्या मापाला या. लोक या थांबण्याला कंटाळतात पण दरवाजाच्या चौकटी आणि टेबलटॉप नंतर वाकतात ते इथेच.

ग्रेन, म्हणजे लाकडाच्या रेषांची दिशा, बघून घाला. फळीच्या कडेला रेषा कुठे चढतायत ते दिसतं, पात्याने रेषांच्या उताराने कापायला हवं, उलट दिशेने घातली की आधी पाती रेषा उचकटतात आणि मग कापतात. एका फेरीनंतर खरखरीत वाटलं तर फळी फिरवून दुसऱ्या टोकाने घाला. ज्याचा ग्रेन दर बोटभर अंतरावर दिशा बदलतो अशा लाकडाला स्लो स्पीड, अगदी पातळ कट, आणि फेरीच्या आधी ओल्या फडक्याने पृष्ठभाग हलका दमट करणं, या तिन्हींनी खूप फरक पडतो, फक्त नंतर बेड आणि पाती कोरडी करायला विसरू नका. स्पीडचा खटका मशीन चालू असताना आणि आत फळी नसतानाच बदलायचा. फास्टवर जाडी कमी करायची आणि शेवटची फेरी स्लोवर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

काय घालू नये तेही लिहितो. १२ इंचापेक्षा आखूड तुकडा अजिबात नाही, दोन रोलरच्या मध्ये तो मोकळा होतो, उभा राहतो आणि पात्यात फुटतो. आखूड तुकडा करायचाच असेल तर दोन्ही बाजूंना त्याच जाडीच्या लांब पट्ट्या ग्लूने चिकटवा आणि सगळं एकत्र घाला. प्लाय आणि एमडीएफ नाही, त्यातला गोंद पात्यांची धार घालवतो. जुनं लाकूड असेल तर लोहचुंबक किंवा मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय नाही, एक तुटका खिळासुद्धा तिन्ही पात्यांना खाच पाडतो. जोडलेल्या पॅनलवरचा सुकलेला ग्लू आधी खरवडून काढा. सुटणारी गाठ असेल तर ती आधीच ठोकून काढा किंवा तो भाग कापा.

उभं राहायचं ते मशीनच्या रेषेत नाही, बाजूला. हातमोजे नकोत, सैल बाह्या नकोत, आणि फळी अडकली तर वाकून आत डोकावू नका, बंद करा, प्लग काढा, हेड वर घ्या, मग बघा.

आवाज भयंकर आहे. अशा युनिव्हर्सल मोटरच्या सगळ्याच टेबलटॉप प्लेनरचा असतो, पण ७३५ मध्ये भुसा फेकायचा पंखासुद्धा असल्यामुळे ते आणखी जाणवतं. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज तासन्‌तास ऐकणं कानाला घातक मानतात आणि हे मशीन त्याच्या वरच आहे, त्यामुळे चांगले इअरमफ मशीनसोबतच घ्या आणि शेजारच्यांची वेळ सांभाळा. पंख्याची बाजू सांगायची तर तो भुसा इतक्या जोरात बाहेर काढतो की चार इंची पाइप लावून ड्रममध्ये सोडला तरी काम होतं, वेगळा मोठा कलेक्टर लागतोच असं नाही. पण पाइप न लावता चालू केलं तर ढलप्यांचा फवारा उडतो, हे एकदाही करू नका. ढलप्या नीट बाहेर गेल्या नाहीत तर त्या रोलरखाली येऊन फळीत दबतात आणि बारीक खड्डे पडतात, ते पॉलिश केल्यावर उठून दिसतात. बारीक धूळ वेगळी, ती ड्रममध्ये थांबत नाही. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने म्हणजे आयएआरसीने १९९५ मध्येच पहिल्या गटात टाकून सांगितलंय, त्यामुळे मास्क नीट बसणारा वापरा, नाकावर रुमाल बांधून भागत नाही.

पात्यांबद्दल. हाय स्पीड स्टीलची, दोन्ही कडांना धार असलेली पाती आहेत, एक कड गेली की उलटी लावायची, दुसरी गेली की नवीन. बदलणं सोपं आहे, पिनांवर आपोआप जागेवर बसतात, उंची जुळवत बसावं लागत नाही, मात्र प्लग काढूनच हात घाला आणि स्क्रू सगळे थोडे थोडे करत आवळा. खाच पडलेल्या पात्याने फळीवर एक उंच रेघ उठते, ती स्क्रॅपरच्या (खरवडायची पोलादी पट्टी) दोन फटक्यांत निघते, त्यामुळे एका खाचेसाठी लगेच पाती बदलायची गरज नाही, फळी वेगळ्या जागेने घाला. सागवानात सिलिका असतो, तो धार फार लवकर घालवतो, पाइनमध्ये भरपूर चालणारी पाती सागवानात किती लवकर बोथट होतात ते बघून वाईट वाटतं. म्हणून नेहमी मधूनच फळ्या घालू नका, कधी डावीकडून कधी उजवीकडून, म्हणजे पूर्ण १३ इंच धार वापरली जाते. आवाज जड झाला, पृष्ठभाग लवदार यायला लागला, फळी मध्येच थांबायला लागली की समजा धार गेली. अर्थात फळी थांबते ती कधीकधी रोलरवर चीक साचल्यामुळेही, आधी प्लग काढून ते ओल्या फडक्याने पुसून कोरडे करून बघा, थिनर मात्र रबराला लावू नका.

रोज कठीण लाकूडच करणाऱ्यांसाठी या मशीनला बाहेरच्या कंपन्यांची स्पायरल हेड मिळतात, छोट्या चौकोनी कार्बाइड पात्यांची, चार कडा असतात, एक बोथट झाली की फिरवायची. आवाज कमी होतो आणि आडव्यातिडव्या ग्रेनमध्ये रेषे जवळपास उपटत नाहीत. पण ती मोटरकडून जास्त जोर मागतात, म्हणून कट अजून पातळ घ्यावा लागतो, आणि हेड बदलणं हे निवांत दिवसाचं काम आहे. आधी मूळ पात्यांवर वर्षभर काम करा, गरज वाटली तर मग बदला.

ज्यांचं सगळं काम प्लायमध्ये आहे त्यांनी हे घेऊ नये, त्यांना उपयोगच नाही. ज्यांना वर्षातून चार फळ्या करायच्यात त्यांनी जवळच्या लाकूड मिलमध्ये जाडी करून घ्यावी. पण जो ओबडधोबड कापलेलं लाकूड स्वतः निवडून आणतो, स्वतः ठरवलेल्या जाडीचं फर्निचर करतो आणि बाजारातल्या तयार मापावर अवलंबून राहायचं नाही असं ज्याला वाटतं त्याने नक्की घ्यावं. घेताना एक्स्टेन्शन टेबलं, पात्यांचा एक जादा सेट आणि चार इंची पाइप एकाच वेळी ऑर्डर करा, कारण धार नेमकी अर्धं काम झालेलं असतानाच जाते आणि उरलेल्या फळ्या मग तशाच पडून राहतात.